कोठ्यात उभी असलेली जुनी मोटार सुरू करताना

भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी वाड्यांत, वऱ्हाडातल्या देशमुखी घरांत, हिंगणघाट-खामगावच्या जुन्या जिनिंगच्या आवारात अजून काही मोटारी उभ्या आहेत. कुठे बेबी हिंदुस्थान, कुठे लँडमास्टर, कुठे पहिल्या पिढीतली ॲम्बेसेडर, फियाट ११०० किंवा विलिस जीप. क्वचित एखाद्या घरी फोर्डची मॉडेल टीसुद्धा. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी थोडी चालवलेली, आणि आता चावी नातवाच्या हाती आलेली. नातू बोलेरो चालवतो, स्विफ्ट चालवतो, ट्रॅक्टर तर शाळेत असल्यापासून चालवतो. पण या गाडीच्या सीटवर बसला की समोरच्या घुंड्या पाहून थबकतो. हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि तिच्यासाठीही. वाड्यातल्या मुलीही आता या गाड्यांना हात लावू लागल्या आहेत, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. तुम्हाला येणारं ड्रायव्हिंग इथे वाया जात नाही. आजच्या गाडीत किल्ली फिरवली किंवा बटण दाबलं की एक छोटा काँप्युटर पाच-सहा कामं परस्पर उरकतो: किती पेट्रोल द्यायचं, किती हवा, ठिणगी कधी, थंड इंजिनाला जास्त काय द्यायचं, गरम झाल्यावर काय कमी करायचं. जुन्या गाडीत हीच कामं ड्रायव्हर करतो. समोरची प्रत्येक घुंडी यातल्या एकेका कामाची आहे. कोणती कोणत्या कामाची हे समजलं की अर्धी भीती जाते.

किल्लीला हात लावण्याआधी

गाडी महिनोन्महिने उभी असेल तर सुरू करण्याचं बरंचसं काम इथेच आहे, आणि लोक नेमकं हेच टाळतात.

बॉनेट दिवसा उजेडात उघडा आणि आधी काठीने चाळवा. कोठ्यात उंदीर असतात, आणि उंदरांमागे नाग-मण्यार येतात. सीटखाली, बॅटरीच्या पेटीत आणि इंजिनाच्या बाजूच्या खळग्यात पाहिल्याशिवाय हात घालू नका. एअर क्लीनर उघडून आत घरटं नाही ना ते बघा. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असू शकतं. वायरी एकेक करून तपासा. जुन्या वायरींचं कापडी आवरण उंदीर आवडीने कुरतडतात, आणि अशा उघड्या तारेला बॅटरी जोडणं म्हणजे आगीला बोलावणं.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. वॉर्निशसारखा आंबूस वास येत असेल तर ते कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची) बारीक छिद्रं बुजवणारच. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि जास्त पाणी शिरलं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने फुगतो, मऊ पडतो. म्हणून पहिला खर्च करायचाच असेल तर रंगावर न करता इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पंपाच्या नव्या पडद्यावर करा. पावसाळ्यात टाकी भरून गाडी उभी ठेवू नका.

इंजिन ऑइल बदला. आपल्याकडच्या उन्हाला २०डब्ल्यू-५० हे ऑइल अशा गाड्यांना मानवतं. रेडिएटरच्या पाण्याबद्दल मात्र अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या मंडळींनी विशेष काळजी घ्यावी. विहिरीचं किंवा बोअरचं खारं पाणी रेडिएटरच्या नळ्या आतून खातं आणि वर थर जमवतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या पण दोन किलोमीटरमध्ये उकळणाऱ्या गाड्यांच्या मागे हे पाणीच निघतं.

वर्षानुवर्षं न फिरलेल्या इंजिनाला थेट सेल्फ मारू नका. सगळे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचा-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी गिअर न्यूट्रलला ठेवून, प्लग बाहेरच ठेवून, इंजिनात समोरून घालायच्या हँडलने हळूहळू फिरवा. अडलं तर जोर करू नका. पुन्हा तेल, पुन्हा एक दिवस. मोकळं फिरू लागलं की प्लगशिवायच सेल्फने थोडं थोडं फिरवून ऑइल प्रेशरचा काटा हलतो का पाहा. मगच प्लग बसवा.

आता ब्रेक. सुरू होणारी गाडी थांबलीही पाहिजे. मॉडेल टी सोडली तर या गाड्यांत चारही चाकांना ड्रम असतात, आणि हायड्रॉलिक ब्रेक असेल तर एकच मास्टर सिलिंडर, एकच लाइन. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. पेडल दाबल्यावर घट्ट लागलं पाहिजे आणि दाबून धरल्यावर हळूहळू खाली जाता कामा नये. तरीसुद्धा पहिल्या वेळी चाकांना पुढून-मागून दगड लावाच.

गाडी ढकलून कोठ्याबाहेर अंगणात आणा. बंद जागेत इंजिनाचा धूर जीव घेतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि जवळ कुटाराचा ढीग, पऱ्हाटीची रास किंवा कापूस नको. कार्बोरेटरमधून उलटा भडका निघू शकतो. वाळूची बादली आणि जमलं तर पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा.

बॅटरी: इथे घाई नको

जुनी गाडी सहा व्होल्टची आहे की बारा, हे आधी पाहा. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप आणि मॉडेल टी सहा व्होल्टच्या. मग पाहा की बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलेलं आहे. आज सगळीकडे निगेटिव्ह बॉडीला असतं. जुन्या ब्रिटिश घराण्याच्या गाड्यांत, म्हणजे मॉरिसवरून आलेल्या आपल्या बेबी हिंदुस्थानसारख्यांत, पॉझिटिव्ह बॉडीला असतं. सवयीने उलटी बॅटरी जोडली तर डायनामो (बॅटरी चार्ज करणारा) आणि कटआऊट (त्याचा आपोआप चालणारा स्विच) बिघडू शकतात.

बोलेरोवरून केबल टाकून स्टार्ट देण्याचा मोह टाळा. सहा व्होल्टच्या गाडीला तर मुळीच नको. पॉझिटिव्ह बॉडीला असलेल्या गाडीत केबल जोडलेली असताना नुसते दोन बंपर एकमेकांना टेकले तरी शॉर्ट सर्किट होतं, आणि नव्या गाडीचा काँप्युटर जळाला तर त्याच्या किमतीत जुन्या गाडीचं बरंच काम झालं असतं. बॅटरी काढा, चार्जरवर लावा, सकाळी परत बसवा.

घुंड्यांची ओळख

चोक म्हणजे हवेची वाट अडवणारी झडप (एसयू या ब्रिटिश बनावटीच्या कार्बोरेटरमध्ये मात्र ती घुंडी पेट्रोलची वाट मोठी करते). परिणाम एकच: थंड इंजिनाला पेट्रोल जास्त, हवा कमी. आजच्या गाडीत तापमानाचा सेन्सर हे ठरवतो. इथे सेन्सर तुमचा तळहात आहे. डिसेंबरात गोंदियाकडे धुकं असतं तेव्हा पूर्ण चोक लागेल. मे महिन्यात दुपारी बहुतेक वेळा चोकला हातही लावावा लागत नाही.

इग्निशनची किल्ली फक्त वीज चालू करते. इंजिन फिरवायला वेगळं काहीतरी असतं: कुठे ओढायची घुंडी, तर विलिस जीपमध्ये पायाजवळ जमिनीवरचं बटण. किल्ली पुढे पुढे पिळत बसू नका, ती तुटेल.

हाताचा थ्रॉटल असेल तर तो म्हणजे हाताने धरून ठेवलेला ॲक्सिलरेटर. आजची गाडी थंड असताना आयडल आपोआप वाढवते, तेच काम.

आणि खूप जुन्या गाडीत स्टीअरिंगवर एक दांडी असते ठिणगीची. ही नीट समजून घ्या, कारण हात मोडण्याचा संबंध तिच्याशी आहे. इंजिन जोरात फिरत असताना पिस्टन वर पोहोचण्याच्या जरा आधी ठिणगी पडावी लागते, म्हणजे जळायला वेळ मिळतो. पण तुम्ही हँडलने हळू फिरवत असताना ठिणगी तितक्याच लवकर पडली, तर स्फोट वर येणाऱ्या पिस्टनला उलटं खाली ढकलतो आणि हँडल उलट्या दिशेने तुमच्या हातावर येतं. म्हणून सुरू करताना ठिणगी उशिरा, सुरू झाल्यावर लवकर. मॉडेल टीमध्ये डावीकडची दांडी वर म्हणजे उशिरा, खाली म्हणजे लवकर. चाळीस-पन्नासच्या दशकातल्या गाड्यांत हे काम डिस्ट्रिब्युटरमधली (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागातली) वजनं वेगाप्रमाणे आपोआप करतात, म्हणून तिथे दांडी दिसत नाही.

थंड गाडी, सेल्फने

हँडब्रेक ओढा. गिअर न्यूट्रलला आणा; लँडमास्टर, जुनी ॲम्बेसेडर, फियाट यांचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर असतो, म्हणून लिव्हर हलवून मोकळी आहे याची खात्री करा. पेट्रोलचा कॉक असेल तर उघडा. इंजिनावर बसवलेल्या पेट्रोल पंपाला खाली एक छोटी लिव्हर असू शकते. ती बोटाने हलवत राहा. हलकी पडली की कार्बोरेटर भरला असं समजा. गाडी आठवडाभर उभी असेल तर कार्बोरेटर कोरडा असतो आणि ही लिव्हर बॅटरीचा बराच जीव वाचवते.

चोक ओढा. किल्ली चालू करा. लाल दिवा लागेल किंवा अँपिअर मीटरचा काटा जरा मायनसकडे जाईल. क्लच दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट तेल सेल्फला ढवळावं लागत नाही. ॲक्सिलरेटरचं काय? नव्या गाडीत तुम्ही पाय लावत नाही आणि इथे लोक उलट टोकाला जाऊन धपाधप दाबतात. विलिस जीपच्या कार्टर कार्बोरेटरमध्ये प्रत्येक दाबाला पेट्रोलची पिचकारी उडते, म्हणून एक-दोन दाब पुरे. एसयूमध्ये असा पंपच नाही. तिथे कितीही दाबा, पेट्रोल वाढत नाही. तिथे पाय किंचित दाबून स्थिर धरा.

सेल्फ मारा, पाच-सात सेकंद, जास्त नाही. मग अर्धा मिनिट थांबा. पेटल्याबरोबर सेल्फ सोडा आणि डोळे ऑइल प्रेशरवर ठेवा. काही सेकंदांत काटा वर आला नाही किंवा दिवा विझला नाही, तर लगेच बंद करा, कारण शोधा. रेस देऊन "गरम करून घेऊ" हा विचार सोडा. थंड इंजिनात तेल अजून सगळीकडे पोहोचलेलं नसतं.

चोक टप्प्याटप्प्याने आत ढकला. इंजिन अडखळलं, कार्बोरेटरमधून शिंकलं तर पुन्हा जरा बाहेर. काळा धूर आणि ओलसर ठोके आले तर आत. दोन-चार सकाळी हे केलं की आवाजावरून हात आपोआप चालतो. चोक ओढलेला विसरून गाडी चालवली तर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं.

हँडल मारणं

कॅडिलॅकने १९१२ च्या मॉडेलला चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ लावला. त्याआधी मोटार म्हणजे हँडलच. पुढेही कित्येक दशकं गाड्यांत हँडलची सोय राहिली. जुन्या ॲम्बेसेडरलाही ती आहे. सेल्फ चांगला असला तरी हे शिकून ठेवा.

आपल्याकडे विहिरीवरचं डिझेल इंजिन हँडलने सुरू केलेली पिढी अजून गावात आहे. त्यांना बोलवा, त्यांचं ऐका, पण एक फरक त्यांना आणि स्वतःला समजावून सांगा. डिझेल इंजिनाला डीकाँप्रेशनची (आतला दाब सोडून देणारी) लिव्हर असते. ती उचलून हँडल गरागरा फिरवायचं आणि वेग आला की लिव्हर सोडायची. मोटारीच्या पेट्रोल इंजिनाला अशी लिव्हर नसते. इथे गरागरा फिरवायचं नाही. एकच झटका, खालून वर.

आधी किल्ली बंद ठेवून चोक ओढा आणि हँडल दोन-तीन फेरे सावकाश फिरवा, म्हणजे पेट्रोल आत ओढलं जाईल. किल्ली बंद असली तरी तापलेलं इंजिन कधी पेटू शकतं, म्हणून हाताची ठेवण आत्तापासूनच बरोबर ठेवा. फिरवताना एका जागी जड लागेल. तो काँप्रेशनचा दाब. समोरून पाहताना हँडल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं. हँडल खाली डावीकडे, साधारण सातच्या काट्यावर असताना पुढे जड लागत असेल तर जागा बरोबर आली. नसेल तर हँडल बाहेर ओढून दुसऱ्या खाचेत बसवा.

ठिणगीची दांडी असेल तर उशिरावर आणा, मग किल्ली चालू करा. पाय रोवून उभे राहा, चप्पल घालून नाही. खांद्यावरचा दुपट्टा काढून ठेवा. डावा हात वापरा. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवा, हँडलभोवती वळवू नका; हँडल उलटं आलं तर मूठ सुटली पाहिजे. आता सातपासून बारापर्यंत वर ओढा आणि सोडा. वरून खाली कधीही दाबू नका. उलटा झटका आला तर ओढणारा हात सुटतो, दाबणारा हात मोडतो. डाव्या हाताचा आग्रह एवढ्यासाठी, की उलटं येणारं हँडल त्याला बाहेरच्या बाजूला फेकतं; उजवा हात मात्र त्याच्या वाटेत आडवा येतो.

मुलांना समोरून बाजूला करा. गाडी न्यूट्रलला आहे हे हँडल मारणाऱ्यानेच स्वतः पाहिलेलं असावं, सांगोवांगी नको.

मॉडेल टीला आणखी एक गोष्ट. तिची हँडब्रेकची दांडी पूर्ण मागे ओढली तरच ती न्यूट्रल होते. तशी ओढूनही सकाळी तेल घट्ट असेल तर गाडी पेटताच किंचित पुढे सरकू पाहते, आणि पुढे तुम्ही उभे असता. चाकाला दगड लावलाच पाहिजे.

गरम गाडी पुन्हा सुरू होत नाही

ही विदर्भातली खास अडचण आहे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४६ च्या वर जातो. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतात. गाडी चालत असताना पेट्रोल वाहतं राहतं, पंख्याचं वारं असतं. बाजारात दहा मिनिटं थांबून आलात की बॉनेटखालची उष्णता पंपात आणि नळीत साचते, आत पेट्रोलऐवजी वाफ भरते, आणि पंप वाफ ओढत बसतो. आजच्या गाडीत टाकीतला पंप दाबाने पेट्रोल ढकलत असतो, म्हणून हा प्रकार तुम्ही पाहिलेला नसतो.

अशा वेळी चोक ओढू नका. बॉनेट उघडा, कडुनिंबाखाली पंधरा-वीस मिनिटं थांबा. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा, पण तापलेल्या एक्झॉस्टवर पाणी टाकू नका, बीड (ओतीव लोखंड) तडकतं. मग ॲक्सिलरेटर अर्धा दाबून सेल्फ मारा. पेट्रोलचा तीव्र वास येत असेल तर पेट्रोल जास्त झालंय: चोक पूर्ण आत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि सेल्फ. हवा आत गेली की पेटतं.

थंडही नाही, गरमही नाही, सुरूच होत नाही

दोनच प्रश्न: पेट्रोल पोहोचतंय का, ठिणगी पडतेय का. एक प्लग काढा, वायर लावून त्याची बॉडी इंजिनाच्या लोखंडाला टेकवा, सावलीत सेल्फ मारायला सांगा. प्लगचं भोक आणि सांडलेलं पेट्रोल जवळ नको. जाड निळसर ठिणगी पाहिजे. नसेल तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा. पॉइंट (ठिणगीची वीज जोडणारी-तोडणारी दोन टोकं) काळे पडलेले असतील तर बारीक कानसीने साफ करा. पॉइंटमधलं अंतर मॉरिस घराण्याला सुमारे ०.४ मिमी, विलिस जीपला ०.५ मिमी. जुलै-ऑगस्टमध्ये झाकणाच्या आत ओल धरते. कोरड्या फडक्याने पुसलं की पुष्कळदा काम होतं. ठिणगी ठीक पण प्लग कोरडा असेल तर पेट्रोलची वाट बघा: कॉक, पंपाची जाळी, कार्बोरेटर.

धक्का मारून सुरू करणं चालतं, सेकंड गिअरमध्ये. पण कॉइलवाली (बॅटरीच्या विजेवर ठिणगी बनवणारी) गाडी आणि बॅटरी पूर्ण मेलेली, तर ठिणगीच नाही. मग चौघांना पळवू नका.

हलवायची

पहिला गिअर बहुतेक जुन्या गाड्यांत सिंक्रोमेशशिवाय (चालत्या गाडीत गिअर सहज बसवणाऱ्या सोयीशिवाय) असतो. गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाका. खालच्या गिअरला येताना डबल क्लच: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडून जरा रेस, पुन्हा क्लच, गिअर. जुना ट्रक चालवलेल्या माणसाकडून हे अर्ध्या तासात शिकता येतं. पुढच्या वाहनापासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. ड्रम ब्रेक नव्या गाडीसारखे धरत नाहीत आणि ओले झाले की आणखी कमी. डायनामो आयडलवर जवळजवळ चार्ज करत नाही, म्हणून रात्री उभ्या गाडीत दिवे लावून ठेवू नका.

मॉडेल टी मात्र सवयीने चालवूच नका. उजवं पेडल, जिथे तुमचा पाय ॲक्सिलरेटर शोधतो, तो ब्रेक आहे. मधलं रिव्हर्स. डावं पूर्ण दाबलं की लो गिअर लागतो. म्हणजे घाबरून "क्लच" दाबलात तर गाडी थांबत नाही, पुढे जाते. अर्धं दाबलं तर न्यूट्रल, आणि दांडी पुढे असताना सोडलं तर हाय गिअर. ॲक्सिलरेटर स्टीअरिंगखाली उजव्या हाताला. आधी इंजिन बंद ठेवून, उभ्या गाडीत बसून पाय फिरवण्याचा सराव करा, आणि पहिल्यांदा चालवायला उलंगवाडी झालेलं मोकळं वावर निवडा.

बंद केल्यावर किल्ली नक्की काढा. इग्निशन चालू राहिली तर कॉइल तापून जळते. पेट्रोलचा कॉक बंद करा. बॅटरीला कटऑफ स्विच बसवून घ्या, स्वस्त असतो. पंधरवड्यातून एकदा गाडी काढा, पण दोन मिनिटांसाठी नको. इंजिन पूर्ण तापेपर्यंत, निदान वीस मिनिटं चालवा, नाहीतर आत धरलेलं पाणी तेलातच राहतं.

रस्त्यावर नेण्याआधी कागद. १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता, त्यामुळे त्याआधीच्या गाडीची जुनी नोंद त्या राज्याच्या नावाने असू शकते. तो कागद जपा, फेकू नका. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी केंद्राने २०२१ मध्ये विंटेज नोंदणीचे नियम आणले. नंबरात "व्हीए" अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. अर्ज करताना इंजिन आणि चासीचे नंबर कागदाशी जुळतात का ते आधी स्वतः घासून, पुसून, वाचून घ्या. गंजाखालचा एखादा आकडा चुकीचा वाचला गेला तर फाइल परत येते.